पलटणीचा पुढचा हंगाम

31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला आणि पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून 31-28 अशी हरली. साखळीत पलटण अव्वल होती. 18 पैकी 13 सामने जिंकून तिने 26 गुण मिळवले होते. दिल्लीचेही 26 गुणच होते. पलटण वर राहिली ती केवळ सामन्यांतल्या गुणफरकावर. पहिल्या पात्रता सामन्यात हेच दोघे भिडले, 34-34 अशी बरोबरी झाली आणि टायब्रेकरमध्ये 6-4 ने दिल्लीची सरशी झाली. दोन महिने खेळून झाल्यावर या दोन संघांत उरलेलं अंतर एखाद्या पकडीचं किंवा एखाद्या बोनस गुणाचं होतं.

मग पुढच्या हंगामात काय होईल? देगलूरसारख्या गावात हा प्रश्न जरा वेगळ्या ताणाने विचारला जातो. गाव महाराष्ट्राच्या टोकाला, पलीकडे तेलंगण, बाजूला कर्नाटक. हैदराबादला जाणारी गाडी इथूनच जाते आणि पुणे मात्र रात्रभराच्या प्रवासावर. मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड, उर्दू रोज बाजारात कानावर पडतात. बाराव्या हंगामाच्या दुसऱ्या पात्रता सामन्यात पुणेरी पलटण आणि तेलुगू टायटन्स समोरासमोर आले, तेव्हा या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला दोन्ही संघ आपलेच वाटावेत अशी स्थिती होती. पलटण 50-45 ने जिंकली. दहाव्या हंगामात तर पलटणीने पहिलं विजेतेपद उचललं तेच हैदराबादच्या गच्चीबावलीत, 1 मार्च 2024 रोजी. म्हणजे देगलूरकरांसाठी पुण्याचा संघ विजेता झाला तो पुण्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर.

हंगामाआधी अंदाज बांधणारे बहुतेक जण एकच गोष्ट बघतात: लिलावात कोण किती रुपयांना गेला. आकडा मोठा असतो आणि डोळ्यांत भरतो. पण संघाची ताकद मोजायची इतर साधनं आहेत, आणि त्यातलं सगळ्यांत उपयोगी साधन आपल्याकडे अमेरिकेतल्या बेसबॉलमधून आलं आहे.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात बिल जेम्स नावाचा एक माणूस डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. पहाऱ्याच्या वेळेत तो बेसबॉलचे आकडे मांडत बसे. 1977 मध्ये त्याने आपलं पहिलं आकडेपुस्तक स्वतःच छापून विकलं. त्याचं एक निरीक्षण साधं होतं. संघाने किती सामने जिंकले यापेक्षा त्याने किती धावा केल्या आणि किती दिल्या, यावरून त्याची खरी ताकद जास्त चांगली कळते. केलेल्या धावांचा वर्ग काढायचा. केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज करायची. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. एखाद्या संघाने हंगामात 800 धावा केल्या आणि 700 दिल्या, तर उत्तर येतं 0.566, म्हणजे एकूण सामन्यांपैकी त्याने जिंकायला हवा तो वाटा. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, म्हणजे या संघाने साधारण 92 सामने जिंकायला हवेत. प्रत्यक्षात तो 98 जिंकला असेल, तर ते वरचे सहा विजय बहुतेक निसटत्या सामन्यांतल्या नशिबाचे असतात आणि पुढच्या वर्षी ते परत मिळतीलच असं नाही.

कबड्डीला हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही. सगळा संघ बाद होऊन लोण बसला की एका झटक्यात दोन गुण जादा जातात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत पिछाडीवरचा संघ जिवावर उदार होऊन चढाया करतो, त्यामुळे फरक अचानक फुगतो. याउलट आघाडीवरचा चढाईपटू तीस सेकंद रेंगाळून रिकाम्या हाताने परत येतो, त्यामुळे तोच फरक आटतोही. तरी मूळ तत्त्व टिकतं. पलटणीचा दहावा हंगाम बघा. 22 सामन्यांत 17 विजय, 3 बरोबरी, फक्त 2 पराभव, आणि एकूण गुणफरक अधिक 253. सामन्यामागे साडेअकरा गुण. ज्या खेळात अनेक सामने दोन-तीन गुणांनी निकाली निघतात तिथे ही आघाडी प्रचंड आहे. त्या संघाने अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला फक्त 28-25 असं हरवलं, तरी विजेतेपद नशिबाचं होतं असं कुणी म्हणू शकणार नाही. बाराव्या हंगामातही गुणफरकाने पलटणीला पहिलं ठेवलं, ही पुढच्या हंगामासाठी तिच्या बाजूची सर्वांत भक्कम नोंद मी मानतो. अंतिम सामन्यातले तीन गुण त्यापुढे लहान आहेत.

आता त्या लिलावाकडे येऊ. दहाव्या हंगामाआधी पलटणीने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरझा शादलूई याला 2 कोटी 35 लाख रुपयांना घेतलं. संघाला एकूण खर्चायला मिळतात 5 कोटी, म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एका माणसावर. त्याने त्या हंगामात सर्वाधिक पकडींचे गुण मिळवले आणि पलटण जिंकली. अकराव्या हंगामाआधी तो 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. इथवर बघितलं तर कुणीही म्हणेल, शादलूई घ्या आणि चषक न्या. बाराव्या हंगामाआधी गुजरात जायंट्सने त्याला 2 कोटी 23 लाखांना घेतलं, आणि गुजरात बाद फेरीतही पोचला नाही.

पवन सेहरावतची गोष्ट याहून बोलकी आहे. नवव्या हंगामाआधी तमिळ थलायवाजने त्याच्यावर 2 कोटी 26 लाखांची विक्रमी बोली लावली. पहिल्याच सामन्यात, ऑक्टोबर 2022 मध्ये, त्याचा गुडघा गेला आणि तो पूर्ण हंगाम बाहेर बसला. थलायवाज बुडणार असं सगळे धरून चालले होते. पण त्याच हंगामात हा संघ इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला. नरेंदरसारख्या तरुण चढाईपटूंना भरपूर चढाया मिळाल्या, बचाव एकत्र खेळत राहिला, आणि उपांत्य सामन्यात त्यांना थांबवलं ते पुणेरी पलटणीने, 39-37.

बेसबॉलमध्येही 2002 साली असंच घडलं. ओकलँडच्या संघातून तीन मोठे खेळाडू श्रीमंत संघांनी उचलून नेले. ओकलँडचा पगारखर्च साधारण 4 कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यांकीजचा सुमारे साडेबारा कोटी. तरीही त्या वर्षी दोघांनी प्रत्येकी 103 सामने जिंकले, आणि ओकलँडने मध्ये सलग 20 सामने जिंकण्याचा पराक्रम केला. त्यांच्या व्यवस्थापनाने बाजारात स्वस्त मिळणारे पण उपयोगाचे गुण असलेले खेळाडू शोधले. पलटणीने हेच काम वेगळ्या वाटेने केलं आहे: तिने खेळाडू घडवले.

पंकज मोहिते सातव्या हंगामात, 2019 मध्ये, नवोदित म्हणून पलटणीत आला. अस्लम इनामदार आठव्या हंगामात आला. दोघेही महागड्या बोलीचे नव्हते. संघाने स्वतःची युवा पलटण उभी केली, त्यात विशीच्या आतबाहेरची मुलं एकत्र राहतात, एकत्र सराव करतात आणि मग मुख्य संघात येतात. अस्लम श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. वडील लहानपणीच गेले. थोरल्या भावाने आपला खेळ थांबवून घराचा भार उचलला आणि धाकट्याला खेळू दिलं. दहाव्या हंगामात अस्लम कर्णधार होता आणि स्पर्धेचा सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच ठरला. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो आणि पलटणीचाच आकाश शिंदे, दोघे होते. महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या पोराने इथवर यावं हे मला या संघाचं सर्वांत मोठं यश वाटतं, चषकाहूनही मोठं.

घडवलेल्या खेळाडूंचा फायदा भावनेपुरता नाही, तो मैदानावर दिसतो. कबड्डीचा बचाव सात जणांचा असतो, पण पकड एका माणसाने होत नाही. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे सरकला की कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झेपावतो. त्या क्षणी शेजारचा मध्यरक्षक एक पाऊल पुढे आला नाही, तर चढाईपटू घोटा सोडवून मध्यरेषेकडे उडी मारतो आणि एकाऐवजी दोन गुण घेऊन जातो. मध्यरक्षकाला हे पाऊल बोलून सांगता येत नाही; त्याला कोपरारक्षकाच्या खांद्याची हालचाल ओळखीची असावी लागते. ही ओळख सरावात महिन्यामागून महिने एकमेकांशेजारी उभं राहून येते. पलटणीच्या उजव्या बाजूला गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन ही नावं दहाव्या हंगामातही होती आणि बाराव्यातही. लिलावात 30 लाखांच्या मूळ किमतीपासून बोली सुरू होणाऱ्या मोठ्या नावाला ही ओळख विकत मिळत नाही, ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

याचा ताळा नवव्या हंगामातही मिळतो. तेव्हा पलटणीने इराणचा फझल अत्राचली 1 कोटी 38 लाखांना आणि मोहम्मद इस्माईल नबीबक्ष 87 लाखांना घेतला होता. संघ अंतिम फेरीत गेला आणि 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून 33-29 ने हरला. त्या सामन्यात अस्लम आणि मोहित गोयत हे दोन्ही मुख्य चढाईपटू दुखापतींमुळे मैदानात नव्हते. पुढच्या हंगामात फझलला सोडलं, नबीबक्षला सोडलं, शादलूई आणला, पण घरची पोरं ठेवली आणि विजेतेपद आलं.

दुखापतीचा मुद्दा मात्र जपून बघावा लागतो, कारण पलटणीचा सगळ्यांत वाईट अलीकडचा हंगाम त्यातूनच आला. गतविजेती म्हणून ती अकराव्या हंगामात उतरली. 2024 च्या नोव्हेंबरात अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो उरलेल्या हंगामाला मुकला. कर्णधारपद आकाश शिंदेकडे गेलं. पलटण पहिल्या सहांत बसली नाही. त्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यात बालेवाडीलाच झाला, 29 डिसेंबर 2024 रोजी, आणि तिथे हरियाणा व पाटणा खेळले. शादलूईही त्या वर्षी नव्हता, हे खरं. पण संघ कोसळला तो चढाईचा भार वाटून घेणारा दुसरा भरवशाचा माणूस वेळेवर मिळाला नाही म्हणून, असं माझं मत आहे.

गुडघा का जातो हे देगलूरच्या एखाद्या शाळेच्या पटांगणावर उभं राहिलं की लगेच समजतं. चुन्याच्या फक्कीने रेषा आखलेल्या असतात, मुलं अनवाणी खेळतात, जमीन काळी किंवा मुरमाड. घोटा धरला गेला की पाय मातीवर थोडा घसरतो, माणूस पडतो, ढोपर सोलवटतं आणि दुसऱ्या मिनिटाला तो पुन्हा चढाईला उभा राहतो. व्यावसायिक कबड्डी मॅटवर, बूट घालून खेळली जाते. मॅट पायाला धरून ठेवते. चढाईपटू पूर्ण वेगात वळतो, वरचं शरीर मध्यरेषेकडे फिरतं, आणि पाऊल मात्र जागीच चिकटलेलं राहतं. त्यातच घोट्यावर बचावपटूची जोरदार ओढ बसली की सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. आतला मोठा अस्थिबंध फाटला तर शस्त्रक्रिया आणि मग आठ-दहा महिन्यांची विश्रांती, व्यायाम. म्हणून मातीवर वाढलेल्या पोराला मॅटवर नेताना आधी वळायला शिकवावं लागतं, मग चढाई. आपल्या भागात ज्या शाळांना आणि मंडळांना मॅट मिळतं, त्यांनी हा क्रम पाळावा असं मला मनापासून वाटतं. कोवळ्या गुडघ्याचं नुकसान पुढे कुठलंही शिबिर भरून काढत नाही.

बाराव्या हंगामात पलटणीने अकराव्यातली उणीव भरून काढली. प्रशिक्षक बदलले होते. बी. सी. रमेश यांनी 2019 मध्ये बंगाल वॉरियर्सला आणि 2024 मध्ये पलटणीला विजेतेपद मिळवून दिलं होतं. ते बेंगळुरू बुल्सकडे गेले आणि पलटणीची सूत्रं अजय ठाकूरकडे आली. हाच तो हिमाचलचा चढाईपटू, ज्याच्या चढायांनी 2016 च्या विश्वचषकात अंतिम सामन्यात इराणविरुद्धची पिछाडी भरून निघाली आणि भारत 38-29 ने जिंकला. चढाईपटू प्रशिक्षक झाला की तो चढाई वाटून देतो की एकाच्या गळ्यात टाकतो, याकडे माझं लक्ष होतं. त्याने वाटून दिली. अस्लम, पंकज यांच्यासोबत आदित्य शिंदे हा तरुण पुढे आला आणि बाद फेरीत तर चढाईचा मुख्य भार त्यानेच वाहिला. अंतिम सामन्यात पलटण मागे पडल्यावर तिला शेवटपर्यंत झुंजत ठेवलं ते याच पोराने.

आता नशिबाचा हिशेब, कारण त्याशिवाय कुठलाही अंदाज अपुरा आहे. समजा एक संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता निम्मी. 18 सामन्यांत तो सरासरी 9 जिंकेल. पण गणित मांडलं तर असा मध्यम संघही आठ हंगामांतून एकदा 12 किंवा त्याहून जास्त सामने जिंकून जातो, आणि आपण त्याला दावेदार समजून बसतो. बेसबॉलच्या 162 सामन्यांत मध्यम संघाने त्याच प्रमाणात, म्हणजे 108 सामने जिंकावेत, हे जवळजवळ अशक्य आहे. हंगाम जितका छोटा तितका गोंधळ जास्त. प्रो कबड्डीने साखळीतले सामने 22 वरून 18 केले, तेव्हा प्रेक्षकाचा रोमांच वाढला आणि अंदाज करणाऱ्याचं काम अवघड झालं. त्यात आधी सातपर्यंतच्या गुणांनी हरलं तरी एक गुण मिळायचा, विजयाला पाच आणि बरोबरीला तीन. बाराव्या हंगामात विजयाला दोन, पराभवाला शून्य, आणि बरोबरीचा निकाल टायब्रेकरवर. थोडक्यात हरणाऱ्या चिवट संघाला पूर्वी जो आधार होता तो गेला. पुढच्या हंगामात एखादा चांगला संघ दोन-तीन टायब्रेकर हरून सहाव्या-सातव्या जागी दिसला, तर त्याला लगेच मोडीत काढू नये.

हे सगळं जमेला धरून मी पलटणीबद्दल असं म्हणेन. साखळीत पहिल्या चारांत येण्याची तिची शक्यता अर्ध्याहून बरीच जास्त आहे. बारा संघांच्या स्पर्धेत प्रत्येकाच्या वाट्याला विजेतेपदाची बारातली एक संधी येते. पलटणीला मी पाचातली एक देईन. हा आकडा कुणाला कमी वाटेल. पण बारा संघांत पाचातली एक म्हणजे मोठीच आघाडी आहे, आणि याहून जास्त देणारा माणूस टायब्रेकर आणि गुडघे विसरतो आहे. पहिल्या दोन हंगामांत, 2014 आणि 2015 मध्ये, हाच संघ तक्त्यात तळाला होता हे आठवलं तर आजची जागा किती कष्टाने मिळवलेली आहे तेही कळतं.

दोन गोष्टींनी माझा अंदाज बदलेल. पहिली, राखून ठेवलेल्या खेळाडूंची यादी. ती लिलावाआधी जाहीर होते आणि वर्तमानपत्रात चार ओळींत छापून येते. लिलावाच्या पानभर मजकुरापेक्षा ती जास्त सांगते. तीत आदित्य शिंदे आहे का, आणि खत्री-नादराजन ही जोडी अजून शेजारी आहे का, हे आधी बघावं. ही जोडी तुटली तर पहिल्या चारांची शक्यता मी निम्म्यावर आणेन, मग डाव्या कोपऱ्यात कितीही महाग माणूस आणलेला असो. दुसरी, पहिल्या पाच-सहा सामन्यांतली तिसरी चढाई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ती चढाई प्रत्येक वेळी अस्लमच करतो आहे असं दिसलं, तर अकराव्या हंगामाचा धोका परत आला समजावं. ती तीन-चार जणांत फिरत असेल, आणि त्यातला एखादा अठरा-एकोणीस वर्षांचा नवा पोरगा असेल, तर देगलूरच्या प्रेक्षकाने बाद फेरीच्या तारखा आत्ताच लिहून ठेवायला हरकत नाही.